बाळ कधी जाणार?

आमच्या समोरची नीला घाबरट आहे, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते, पाठीमागे नाही. गॅस बंद केलाय की नाही ते बघायला ती राउंडअबाउटवरून गाडी परत फिरवते. इथे स्प्रिंगमध्ये मॅगपाय पक्षी डोक्यावर झेप घेतात म्हणून सप्टेंबर उजाडला की लख्ख उन्हात छत्री उघडून मुलाला शाळेत सोडायला जाते. ट्रुगानिना या परदेशातल्या उपनगरात आमची घरं अगदी समोरासमोर, त्यामुळे हे सगळं मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून फुकटात बघायला मिळतं. माझी बेकरीची शिफ्ट पहाटेची असते, दुपार मोकळी. मग काय, अर्धी दुपार मी तिच्याकडेच.

नोकरीही देवानं तिला शोभेलशीच दिली. सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यानं बनवलेली वस्तू कुठे आणि कशी मोडेल ते आधीच ओळखायचं. पुण्यात कोथरूडच्या कंपनीत सुरुवात, मग लग्न, मग गुरुदत्तच्या व्हिसावर इथे, आता सिटीतल्या बँकेत. एकदा मी तिला तिच्या घाबरण्यावरून चिडवत होते, तर हसून म्हणाली, सुनेत्राताई, मला पगार घाबरण्याचाच मिळतो. तसं तिचं खोटं नव्हतं.

वेद झाला तेव्हा लॉकडाउन होता. आई येऊ शकली नाही, सासू येऊ शकली नाही, मलाही दारात डबा ठेवून परत फिरावं लागायचं. त्या पोराला तिनं एकटीनं वाढवलं, व्हिडिओ कॉलवर आईला विचारत विचारत. म्हणून असेल, वेद आईच्याच वळणावर गेला. शांत, बारीक चणीचा, कुठल्याही गोष्टीकडे आधी दुरून नीट बघणार आणि मगच हात लावणार. पाच वर्षांचा झाला, प्रेपमध्ये, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात गेला, तरी घसरगुंडीवर बसण्याआधी तिचे स्क्रू बघायचा. गुरुदत्त म्हणायचा, दुसरा टेस्टर तयार होतोय घरात.

दुसऱ्या वेळी मात्र नीलाची आई पुण्याहून वेळेवर आली. गणपतीत नीलाला नववा लागलेला. गुरुदत्तकडे दीड दिवसाचा गणपती, इथेही तो दरवर्षी शाडूची मूर्ती बसवतो. दुसऱ्या दिवशी विसर्जनाची तयारी चालली होती, तेवढ्यात गुहागरहून त्याच्या आईचा फोन आला, की घरात गरोदर बाई असताना मूर्ती पाण्यात सोडायची नाही, बाळ होईपर्यंत देव घरातच ठेवायचा. त्यांच्याकडची रीतच आहे तशी. गुरुदत्त म्हणाला, ठीक आहे आई. तो सगळ्यालाच ठीक आहे म्हणतो.

तर बाप्पा राहिला. टीव्हीच्या शेजारी, महिनाभर. वेदला नुसतं उधाण आलं होतं. शाळेतून आला की बूट न काढता बाप्पासमोर बसायचा आणि दिवसभराचं सगळं इंग्लिशमध्ये सांगायचा. त्याच्या गाड्या बाप्पाभोवती पार्क केलेल्या असायच्या. बाळ झालं, मुलगी, आणि घरात सोयर आलं, म्हणून पूजेला मी जायला लागले. तेव्हा घंटा वाजवायला हा माझ्याबरोबर असायचा, आणि आरती सगळी पाठ. बाप्पा कधी जाणार, असं मला रोज विचारायचा. आम्ही सगळे तेच सांगायचो, बाळ आलंय ना आता, मग बाप्पा जाणार.

बारसं रविवारी केलं. पाळण्याला फुलं, हॉलभर माणसं, बाळाला ओवाळलं, नाव ठेवलं चिन्मयी. जी ती बाई म्हणत होती, देवच आलाय हो तुमच्या घरी. आणि त्याच संध्याकाळी, पाहुणे आहेतच तर आरतीला चार आवाज होतील म्हणून, बॅकयार्डमध्ये बाप्पाचं विसर्जनही उरकलं. कौन्सिलच्या तळ्यात सोडता येत नाही, बादल्या सगळ्या खरकट्यात अडकलेल्या, म्हणून बाळासाठी आणलेला नवा निळा टब घेतला. पुढच्या वर्षी लवकर या, टाळ्या, फोटो, शिरा. त्या गर्दीत वेदकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशीपासून सगळं बिघडलं.

बाळाची नाळ पडली होती, त्यामुळे त्या सोमवारी पहिल्यांदा टबात आंघोळ. नीलाच्या आईनं टब घासून घेतला, कोमट पाणी भरलं, बाळाला हातावर घेतलं, आणि वेद दारातून असा किंचाळत आला की मला माझ्या घरात ऐकू आलं. त्यानं दोन्ही हातांनी टब उलटा केला. बाथरूमभर पाणी, म्हातारीचा पाय सरकला, बाळ हातातून निसटता निसटता राहिलं. मी धावत गेले तर नीला बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकलेली आणि वेद त्या पाण्यात उभा, नखशिखांत ओला, आईकडे रोखून बघत. रडत नव्हता. तेच मला बरं वाटलं नाही.

सगळ्यांनी एकच म्हटलं, जेलसी. दुसरं मूल आलं की पहिलं बिथरतं, घरोघरी होतं. मीही म्हटलं. गुरुदत्त म्हणाला फेज आहे. नीलाच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती, मला दिसत होतं.

मग टब गायब झाला. शोधशोध शोधला, तर बाहेर कचऱ्याच्या बिनांच्या मागे सापडला, तळाला चार भोकं पाडलेला. त्याच दिवशी चादर बदलताना नीलाला वेदच्या उशीखाली गुरुदत्तचा मोठा स्क्रू ड्रायव्हर मिळाला. तो हातात घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. पाच वर्षांचा मुलगा, ताई, म्हणाली, आणि उशीखाली हे. तिला मी चहा दिला. दुसरं काय देणार?

नवीन टब आला. आंघोळीच्या वेळी आता वेदला हॉलमध्ये बसवून समोर कार्टून लावायचे, तरी तो बाथरूमच्या दारावर लाथा मारायचा. दुपारी नीलाचा डोळा लागला आणि ती दचकून जागी झाली, की हा बाळाच्या बासिनेटशी, त्या छोट्या पाळण्याशी उभा असायचा. नुसता उभा. बाळाच्या तोंडाकडे बघत. काय करतोयस विचारलं की "नथिंग," एवढंच. आणि एके दिवशी जेवता जेवता त्यानं आजीला विचारलं, "बाळ कधी जाणार?"

म्हातारीनं कसंनुसं हसून सांगितलं, अरे बाळ नाही जाणार कुठे, बाळ आपलंच आहे. त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज. बाळ कधी जाणार? आज जाणार का? सॅटर्डेला जाणार का? नीला सांगत होती, ताई, तो हे रागानं विचारत नाही हो. रागानं विचारलं असतं तर मी एक ठेवून दिली असती. तो शांतपणे विचारतो, गार्बेज ट्रक कधी येणार विचारावं तसं.

त्यात सुट्टी संपली आणि शाळेतून फोन आला. टीचरनं नीलाला बोलावून एक चित्र दाखवलं. मोठं निळं चौकोनी पाणी, त्याच्या तळाशी डोळे मिटलेलं बाळ, आणि वर काठावर हसणारी माणसं, हात वर केलेली. टीचर चांगली होती, गोड बोलली, घरी सगळं ओके आहे ना विचारलं, कोणाशी तरी बोलायला हवं का विचारलं. नीला ओके म्हणाली आणि गाडीत येऊन बसली ती अर्धा तास गाडी सुरूच करू शकली नाही. डॉक्टरकडे गेली, तर लहान मुलांच्या सायकॉलॉजिस्टची वेळ फेब्रुवारीतली मिळाली. आणि ऑक्टोबर चालू होता.

त्यानंतर नीला माणसात राहिली नाही. तुम्ही म्हणाल, आई आहे, पोराला जवळ घेऊन विचारायचं. विचारलं हो तिनं. तुला बाळ आवडत नाही का, असं विचारलं. त्यानं आवडतं म्हटलं. मग असं का करतोस विचारलं, तर तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, हा माझ्यापासून काहीतरी लपवतोय. ते तर खरंच होतं.

तिनं बासिनेटवर कॅमेरा लावला. हार्डवेअरमधून कडी आणून बेडरूमच्या दाराला वर, वेदचा हात पोहोचणार नाही अशी बसवून घेतली. सुऱ्या कपाटाच्या माथ्यावर गेल्या. आणि ते बघून माझं डोकं फिरलं. मी तिला वाट्टेल ते बोलले. पोटच्या पोराला कडी लावतेस? उद्या पिंजरा आणशील. तिनं ऐकून घेतलं, मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, मला माझ्या मुलाची भीती वाटते. हे मी कोणाला सांगू?"

मी उठून घरी आले. चार दिवस मी त्या घरात गेले नाही.

परत गेले तेव्हा कळलं, की वेदला पुण्याला पाठवायचं ठरलंय. नीलाची आई शनिवारी निघणार होती, तिच्याबरोबर त्याचंही तिकीट काढलं. सहा महिने आजीकडे राहील, तिथल्या शाळेत बसेल, तोवर बाळ जरा मोठं होईल. गुरुदत्त, आपला ठीक-आहे-वाला गुरुदत्त, या वेळी भांडला. पाच वर्षांच्या मुलाला घरातून घालवून देतोय आपण, म्हणाला. नीला म्हणाली, तू ऑफिसला जातोस, दिवसभर एका डोळ्यानं मी झोपते. आणि काही झालं तर? झाल्यावर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? वेदचे छोटे स्वेटर तिनं स्वतःच बॅगेत भरले आणि भरताना रडली, पण बॅग भरायची थांबली नाही.

गुरुवारी सकाळी त्याला सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, बाळ पण येणार? नाही, बाळ इथेच राहणार, मम्मीजवळ. तो शाळेत गेला, परत आला, शहाण्यासारखं दूध प्यायला.

मी तीनच्या सुमारास लाडवांचा डबा घेऊन गेले. नीला आंघोळीला गेली होती, गुरुदत्त वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, म्हातारी बॅगांच्या ढिगाऱ्यात. बेडरूममधून आपली शाल घ्यायला ती गेली होती आणि येताना कडी लावायची राहिली. नीला केस पुसत बाहेर आली, खोलीत गेली, आणि मला फक्त तिचा श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

बासिनेट रिकामं होतं. घरात वेदही नव्हता.

मला तो वेळ नीट आठवतच नाही. कॅमेऱ्याचं तर कोणाच्या डोक्यातही आलं नाही. गुरुदत्त जिन्यावरून घसरतच खाली आला. पलंगाखाली, कपाटात, गॅरेजमध्ये, गाडीत, गाडीच्या डिकीत. म्हातारी देवाचं नाव घेत एकाच जागी गोल फिरत होती. नीला ओरडलीसुद्धा नाही. ती एकदम थांबली आणि म्हणाली, पाणी. आणि अनवाणी रस्त्यावर धावत सुटली.

आमच्या इस्टेटच्या टोकाला तळं आहे, बिल्डरनं खोदलेलं, भोवती बाकं आणि बदकं. मी तिच्या मागे. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांसमोरही तेच चित्र होतं. तळाशी बाळ. नीला गुडघाभर पाण्यात शिरली, दोन्ही हातांनी शेवाळ बाजूला करत. कुत्रा फिरवणारा एक म्हातारा आर यू ओके लव्ह, विचारत होता. पाण्यात काही नव्हतं. काठावर काही नव्हतं. लहान पावलांचा चिखलातला एक ठसाही नव्हता. मी तिला दंडाला धरून बाहेर ओढली आणि म्हटलं, घरी चल, ते घरातच आहेत, पाच वर्षांचं पोर बाळ घेऊन इतक्या लांब येईलच कसं. मला स्वतःला त्याची खात्री नव्हती.

घरात गुरुदत्त फोनवर होता, ट्रिपल झीरो, म्हणजे पोलिसांचा तातडीचा नंबर, पत्ता सांगत होता आणि स्वतःच्याच घराचा नंबर त्याला आठवत नव्हता. आणि तेव्हा लॉन्ड्रीतून शिंक ऐकू आली. इवलीशी.

लॉन्ड्रीचं दार आतून अडकत होतं. कपड्यांची भरलेली बास्केट त्यानं मागे लावली होती. नीलानं खांद्यानं ढकललं आणि आम्ही दोघी आत पडलोच. कपडे वाळवायचा ड्रायर, त्याचं गोल दार उघडं, आत घड्या घातलेले टॉवेल, आणि टॉवेलांवर चिन्मयी. वेद ड्रायरसमोर उभा होता, दोन्ही हात पसरून.

त्या यंत्रात आपलं बाळ बघून एखाद्या आईला काय वाटेल ते मला सांगता येणार नाही. नीलानं त्याला दंडाला धरून बाजूला भिरकावलं. त्याचं डोकं वॉशिंग मशीनवर आपटलं. तिनं बाळ ओढून घेतलं, नाकाशी गाल लावला, पोट चाचपलं, बोटं मोजली. बाळ गरम होतं, गुलाबी होतं, झोपेत तोंड हलवत होतं. मग ती वेदकडे वळली. हात वर उचललेला.

"काय करणार होतास तू तिचं?"

वेद डोकं धरून कोपऱ्यात बसला होता. आईच्या हाताकडे बघत म्हणाला, "इथे पाणी येत नाही, मम्मी. हे ड्राय असतं."

गुरुदत्त फोन कानाशी धरून दारात उभा. मग मीच त्या पोराजवळ फरशीवर बसले, आणि त्यानं अर्धं इंग्लिश अर्धं मराठी करत जे सांगितलं, ते असं होतं.

बाप्पा घरी आला होता. सगळ्यांना आवडायचा. सगळे त्याला फुलं वाहायचे, दिवा ओवाळायचे, गोड द्यायचे. आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला टबात बुडवलं, हसत, टाळ्या वाजवत. डॅडीनं डोकं खाली दाबलं. सकाळी बाप्पाला तोंडच नव्हतं, नुसता चिखल होता, तो डॅडीनं लिंबाच्या झाडाखाली ओतला. मग बाळाला फुलं वाहिली. दिवा ओवाळला. सगळे म्हणाले, देव आलाय. आणि दुसऱ्याच दिवशी तोच टब.

बाळाला बुडवायचा दिवस कुठला ते कोणी सांगत नव्हतं. म्हणून तो रोज विचारत होता. टबाला भोकं पाडली तर आम्ही नवीन टब आणला. दारावर लाथा मारल्या तर कार्टून लावलं. चित्र काढून टीचरला दाखवलं, की कोणीतरी मोठं माणूस येऊन थांबवेल, तर टीचरनं ते मम्मीच्याच हातात दिलं. आणि आता तो पुण्याला गेल्यावर इथे बाळाकडे लक्ष ठेवायला कोणीच उरणार नव्हतं, म्हणून आजच काहीतरी करायला हवं होतं.

नीलाचा हात केव्हाच खाली आला होता. शनिवारचं त्याचं तिकीट रद्द झालं हे वेगळं सांगायला नको, आणि पोलीस येऊन, सगळं बघून, वेदशी गोड बोलून गेले तेही असो. पण त्या क्षणी ती बाई ओल्या पायांनी, चिखलानं माखलेल्या पंजाबीत, लॉन्ड्रीच्या फरशीवर बसली आणि तिनं दुसऱ्या हातानं त्याला जवळ ओढलं. तो आला, पण अंग आखडून. महिनाभर हे पोर आमच्या हातचं जेवत होतं, आमचं बोट धरून रस्ता ओलांडत होतं, आणि मनात आम्हाला खुनी समजत होतं. एवढी भीती पोटात घेऊन ते त्या घरात राहिलं, आणि कडी मात्र त्याच्यासाठी लावली होती.

नीलानं त्याच्या डोक्यावरचं टेंगूळ हळूच चाचपलं. शाडूची मूर्ती म्हणजे काय, बाप्पा कुठे जातो, ते सगळं गुरुदत्तनं नंतर समजावलं. तिनं त्या वेळी फक्त एकच गोष्ट विचारली.

"आणि तू रे? आम्ही तुलाही पाण्यात टाकू, अशी नाही वाटली भीती?"

वेदनं मान हलवली. यावर त्याचा पूर्ण विचार झालेला दिसत होता.

"मला नाही टाकणार," तो म्हणाला. "बाळ आल्यापासून माझी आरती कोणी करतच नाही."

तक्रार म्हणून नाही बोलला तो. आपण सुटलो, अशा सुरात बोलला.